हजार ग्रॅम आणि एक ग्रेन

नेमबाजीच्या स्पर्धेचा निकाल फायरिंग लाइनवर लागतो, पण स्पर्धा सुरू होते ती त्याआधी, एका साध्या टेबलावर. टेबलावर एक किलोचं आकडा लावलेलं वजन असतं. आतून ३०० मिलिमीटर लांब, १५० उंच आणि ५० रुंद असा एक डबा असतो. शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा, व्हर्निअर आणि नाव-क्रमांक लिहायचे तक्ते. नेमबाज येतो, हत्यार उघडतो, रिकामं असल्याचं दाखवतो आणि आमच्या पुढ्यात ठेवतो. ह्या तपासणीला सगळे इक्विपमेंट कंट्रोल म्हणतात. आयुष्यातली बरीच वर्षं मी त्या टेबलामागे बसत आलो आहे.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. आयटीआय करून अंधेरीच्या एमआयडीसीत लागलो आणि नोकरीभर जिग, फिक्श्चर आणि गेज बनवले. एका नेमबाजी क्लबचे सभासद एकदा आमच्याकडे तपासणीचा डबा बनवून घ्यायला आले. त्यांना आतलं माप अगदी नेमकं हवं होतं, कारण डबा किंचित लहान भरला तर नियमात बसणारं पिस्तूलही बाद ठरणार आणि मोठा भरला तर न बसणारंही आत जाणार. हे माझ्या रोजच्या गो-नो-गो गेजचंच काम होतं. डबा पोचवायला रेंजवर गेलो आणि तिथल्या मोजमापात गुंतलो तो कायमचा.

राहायला मी मनोरीचा. स्पर्धेच्या दिवशी पहाटेची फेरीबोट धरून मार्वे, तिथून बसने मालाड आणि पुढे लोकल, अशी माझी वाट. हत्यार माझ्या घरी कधीच नसतं. ते परवानाधारकाकडे किंवा क्लबच्या शस्त्रागारात. माझ्या पिशवीत असतात फक्त वजनं आणि गेज, पण त्यांचीही निगा ठेवावी लागते. मनोरीची हवा खारी. पावसाळ्यात खिडकीचे गज आठवड्यात तांबूस होतात, सायकलची साखळी रात्रीत गंजते. हजार ग्रॅमच्या वजनावर गंज चढला, आणि तो घासून काढताना थोडा धातू गेला, तर ते हजार ग्रॅम राहत नाही. म्हणून वजन तेलाच्या फडक्यात नाही, कोरड्या फडक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवतो. तेलाचा थरही वजनच असतो. शिवाय प्रत्येक स्पर्धेआधी ते प्रमाणित काट्यावर पडताळून घेतो. दुसऱ्याला मापात धरणाऱ्याचं स्वतःचं माप आधी खरं असावं लागतं.

नियम आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे, म्हणजे आयएसएसएफचे. आपल्याकडे राष्ट्रीय रायफल संघटना ते राबवते. रिव्हॉल्व्हर आजही ज्या प्रकारात मानाने उतरू शकतं तो २५ मीटरचा सेंटर फायर. ह्या प्रकारात गोळीचा व्यास ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या दरम्यान हवा. त्यामुळे .३२ आणि .३८ हे रिव्हॉल्व्हरचे दोन्ही जुने बोअर त्यात बसतात. हत्याराचं वजन १४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नाही, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत, आणि ट्रिगरचं वजन हजार ग्रॅमपेक्षा कमी नाही. साइट उघडीच हवी, दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची काच चालत नाही. मूठ हाताच्या पंजापुरतीच असावी, मनगटाला टेकू देणारी नाही.

ही मापं कागदावर कोरडी वाटतात. टेबलावर त्यांच्यामागचा विचार दिसू लागतो. जुन्या टार्गेट रिव्हॉल्व्हरची नळी सहा इंची असते. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, मर्यादेच्या आत जेमतेम ०.६ मिलिमीटरने. मोजायची पद्धतही तेवढीच विचारपूर्वक ठरवली आहे. पिस्तुलात काडतूस नळीच्याच मागच्या भागात बसतं, म्हणून तिथे तो भाग धरून लांबी मोजतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस सिलिंडरमध्ये असतं, म्हणून तिथे नुसती नळी मोजायची, सिलिंडर सोडून. पहिल्यांदा येणारी मुलं सिलिंडरसकट मोजून घाबरलेली असतात. त्यांना व्हर्निअर हातात देऊन मी स्वतःच मोजायला लावतो. मुलांना आकडा सांगून विश्वास बसत नाही, डोळ्यांनी वाचला की बसतो.

डब्यात मात्र रिव्हॉल्व्हर पुष्कळदा अडतं. लांबी बसते, उंचीला अडचण येते. कारखान्याची मूठ काढून लाकडाची मोठी, हाताच्या आकाराची मूठ बसवली की तिचा खालचा टाच-आधार १५० मिलिमीटरच्या भिंतीला टेकतो. कोणी कानशीने तिथल्या तिथे घासायला बघतो. मी सांगतो, आधी रेघ मारा, मग घासा. आणि घासलेली मूठ हातात धरून पाहिल्याशिवाय परत टेबलावर आणू नका. मूठ बदलली की बोटाचा ट्रिगरवरचा कोन बदलतो आणि नेम त्या कोनात असतो.

सगळ्यात जास्त ताण असतो तो ट्रिगरच्या वजनाचा. पद्धत अशी: हत्यार रिकामं, रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा मागे ओढलेला, नळी सरळ वर. वजनाचा आकडा ट्रिगरच्या मधोमध अडकवायचा आणि हत्यार हळूहळू उचलायचं. टेबलावरचं वजन पूर्ण अधांतरी झालं पाहिजे आणि घोडा पडता कामा नये. तीन प्रयत्न मिळतात. आकड्याची कडा धातूची किंवा रबराची, धारेसारखी. फिरणारी चाकी लावलेला आकडा चालत नाही, कारण चाकीवर भार सरकतो आणि खोटं उत्तर मिळतं. स्प्रिंगचा काटाही चालत नाही.

पोलीस दलातला एक तरुण नेमबाज असाच समोर उभा होता. तीनदा उचललं, तिन्ही वेळा घोडा पडला.

“काका, घरी तर उचलत होतं.”

“कशावर बघितलंस?”

“स्प्रिंगच्या काट्यावर. हजार दाखवत होता.”

“काटा ओढताना तुझा हात सरळ होता की तिरका?”

तो गप्प राहिला. मी त्याला शेजारच्या टेबलावर बसवलं. ट्रिगरचा स्क्रू कुठे आहे ते त्याला माहीत होतं, पण पाव फेऱ्याने किती फरक पडतो ते कधी मोजलेलं नव्हतं. पाव फेरा घट्ट केला, उचललं, पडलं. आणखी पाव फेरा, उचललं, राहिलं. मग मी त्याला अजून थोडं घट्ट करायला सांगितलं. कारण स्पर्धेनंतरही चिठ्ठी टाकून काहीजणांची तपासणी होते आणि तेव्हा ट्रिगर हलका भरला तर नेमबाज सरळ अपात्र ठरतो. सकाळी काठावर पास झालेलं रिव्हॉल्व्हर साठ गोळ्या झाडून तापलं, हादरलं, की दुपारी काठाखाली जाऊ शकतं. टूलरूममध्ये आम्ही नवीन पोरांना हेच शिकवायचो: टॉलरन्सच्या कडेवर काम करू नये, मध्यावर करावं.

नियम नेमबाजाच्या वाटेत उभे असतात असं वाटणाऱ्यांना मी गुण मोजायचं गेज दाखवतो. सेंटर फायरमध्ये .३२ने खेळणारा आणि .३८ने खेळणारा एकाच रांगेत उभे असतात. .३८चं भोक मोठं, म्हणजे वरच्या वर्तुळाच्या रेषेला शिवण्याची शक्यता त्याचीच जास्त. हा फायदा त्याला मिळू नये म्हणून कागदी टार्गेटवर शंका आली की भोकात घालायचं गेज सगळ्यांसाठी एकच, ९.६५ मिलिमीटरचं. .३२वाल्याचं भोकही त्याच मापाने जोखलं जातं. ज्या दिवशी मला ही गोष्ट उमगली त्या दिवशी ह्या खेळाबद्दलचा माझा आदर वाढला. नियम लिहिणाऱ्यांनी हत्यारातला फरक ओळखला, मोजला आणि गुणांतून वजा केला. मग उरला तो माणसाचा नेम.

सेंटर फायरची स्पर्धा साठ गोळ्यांची. पहिल्या तीस प्रिसिजनच्या: पाच गोळ्यांसाठी पाच मिनिटं, अशा सहा मालिका. पुढच्या तीस रॅपिडच्या: टार्गेट तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद पाठ फिरवतं. दर वेळी हात खाली, ४५ अंशाच्या कोनात, आणि टार्गेट वळलं की उचलून एकच गोळी. ह्या सात सेकंदांनी रिव्हॉल्व्हरला जगवलं. तेवढ्यात अंगठ्याने घोडा मागे ओढता येतो, मग ट्रिगर हलका आणि स्वच्छ सुटतो. स्टँडर्ड पिस्तूलमध्ये दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडाव्या लागतात, रॅपिड फायरमध्ये शेवटी चारच सेकंदांत पाच टार्गेटं. तिथे अंगठ्याला फुरसत नाही, म्हणून तिथून रिव्हॉल्व्हर केव्हाच हद्दपार झालं.

महाराष्ट्राला ह्या प्रकाराचं अगत्य असायला कारण आहे. १९९०च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनी सेंटर फायरचं सुवर्ण जिंकलं. चार वर्षांनी व्हिक्टोरियाला त्यांनी जसपाल राणांच्या जोडीने सांघिक सुवर्णही मिळवलं. राणांनी पुढे २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह त्या वेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तीही सेंटर फायरमध्येच. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून त्याचा बोलबाला कमी. पण हात, श्वास आणि चाप ह्यांची कसोटी तो पुरेपूर घेतो.

आता काडतुसाकडे येतो, कारण टेबलावर आम्ही हत्यार मोजतो, पण टार्गेटवर पोचते ती गोळी. .२२च्या काडतुसात पेट घेणारं द्रव्य बुडाच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं. घोडा कडेवर आपटतो, कड दबते, गोळी सुटते, पुंगळी कायमची निकामी. सेंटर फायरमध्ये बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी, म्हणजे प्रायमर, बसवलेला असतो. गोळी गेली की तो काढून नवा बसवता येतो, पुंगळीत पुन्हा दारू भरता येते. पितळेची तीच पुंगळी पुन्हा पुन्हा कामाला येते. हाताने काडतूस भरण्याची सगळी विद्या ह्या मधल्या टोपीवर उभी आहे.

आपल्याकडे ही विद्या घरी चालवता येत नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ विनापरवाना दारूगोळा बनवायला मनाई करतं. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्यात येतात. दारू साठवायची तर १८८४चा स्फोटकांचा कायदा वेगळाच. म्हणून आमचा नेमबाज परदेशी काडतुसं मागवतो किंवा देशी वापरतो. देशी .३२च्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असतात. ती खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीची खूण. हा कारखाना १८६९चा. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात कंपन्या झाल्या तेव्हापासून तो पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आहे.

काडतूस आपण भरू शकत नाही, पण निवडू शकतो. प्रत्येक खोक्यावर लॉट नंबर असतो. एका लॉटमधली दारू, टोपी, गोळी एका वेळची, म्हणून वागणूकही बरीचशी सारखी. आम्ही निरनिराळ्या लॉटमधली थोडी थोडी काडतुसं घेऊन, हत्यार टेकूवर ठेवून, एकाच टार्गेटवर झाडतो आणि भोकांचा पुंजका किती आवळ बसतो ते मोजतो. ज्या लॉटचा पुंजका लहान तो लॉट स्पर्धेसाठी, बाकीचे सरावाला. एकाच मॉडेलच्या दोन रिव्हॉल्व्हरांना वेगवेगळे लॉट मानवतात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. सिलिंडरच्या तोंडांचा व्यास आणि नळीचा व्यास प्रत्येकाचा किंचित निराळा असतो, त्याचा हा परिणाम.

काही नेमबाज तयार काडतुसं सोनाराच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाची वेगळी काढतात. त्यांचा उत्साह मला आवडतो, पण त्यांना मी टूलरूमचा एक हिशेब सांगतो. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, गुंजेच्या साधारण निम्मं. दारूत एक दशांश ग्रेनाचा फरक पडला तर तो महत्त्वाचा. पण पितळेच्या पुंगळ्या आणि शिशाच्या गोळ्या ह्यांच्या वजनात त्याहून मोठा फरक सहज असतो. त्यामुळे भरलेलं काडतूस तोलून दारूचा फरक कळत नाही. अचूक काट्याने चुकीची गोष्ट मोजली तर आकडा अचूक मिळतो आणि निष्कर्ष चुकतो. पुंजका मोजा, तो खोटं बोलत नाही.

हाताने काडतूस भरताना मी प्रत्यक्ष पाहिलं ते टेक्सासात. माझा मनोरीचाच एक शाळासोबती तिकडे स्थायिक आहे. तिथे हे काम कायदेशीर आहे आणि तो रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा खेळतो. त्याच्या गॅरेजमध्ये एका भक्कम बाकाला हाताने ओढायचा छोटा प्रेस बसवलेला आहे. मला यंत्र दिसलं की हात शिवशिवतात, पण त्याने आधी दोन गोष्टी बजावल्या: काम चालू असताना बोलायचं नाही, आणि बाकावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा.

मग तो कामाला लागला. धुऊन वाळवलेल्या .३८च्या पुंगळ्या एकेक करून प्रेसमध्ये घातल्या. पहिल्या डायने पुंगळी दाबून मूळ मापाला आणली आणि जळकी टोपी खाली पाडली. मग नवी टोपी बसवली आणि बसवल्यावर प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवलं. टोपी बुडाच्या किंचित आतच हवी. मी विचारलं, एवढं कशाला? त्याने रिकामं रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं. सिलिंडर फिरतो तेव्हा काडतुसांची बुडं मागच्या पोलादी भिंतीला जवळजवळ घासून जातात. टोपी वर राहिली तर ती भिंतीला अडते, सिलिंडर जड होतो, कधी पुरता अडकतो. पिस्तूल ही चूक कदाचित खपवून घेईल, रिव्हॉल्व्हर घेत नाही.

पुढे पुंगळीचं तोंड अगदी थोडं फाकवलं, म्हणजे मऊ शिशाची गोळी आत जाताना खरवडली जाऊ नये. मग दारू. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केल्या, मापाने दारू सोडली, मधूनच एक माप काट्यावर ओतून तपासलं. सगळ्या भरून झाल्यावर विजेरी घेऊन तो ठोकळ्यावर वाकला आणि रांगेने प्रत्येक पुंगळीत डोकावला. घाई अजिबात नाही. ह्या पायरीला त्याने सगळ्यांत जास्त वेळ दिला.

कारण त्यानेच नंतर सांगितलं. .३८ स्पेशलची पुंगळी १८९८ सालची, काळ्या दारूच्या जमान्यातली. काळी दारू जागा पुष्कळ घ्यायची, म्हणून पुंगळी लांब केली. आजची धूरविरहित दारू तेवढंच काम चिमूटभरात करते आणि पुंगळी बरीचशी रिकामी राहते. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती उतू जात नाही, गोळीही नेहमीसारखीच बसते, बाहेरून काही कळत नाही. उडवल्यावर मात्र सिलिंडर फुटू शकतो. उलट एखादी पुंगळी दारूविना राहिली तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकते. फुसका आवाज येतो. नेमबाजाने तो ओळखला नाही आणि पुढची गोळी झाडली, तर नळी फाटते. दोन्ही संकटं टाळायचा मार्ग एकच, विजेरी आणि डोळे. ठोकळ्यातल्या दारूची पातळी सगळीकडे सारखी दिसली की मगच गोळ्या बसवायच्या आणि तोंड हलकं आवळायचं. आवळणंही मापात लागतं. भारी काडतुसात ते सैल राहिलं तर सिलिंडरच्या शेजारच्या घरातलं काडतूस उडाल्याच्या धक्क्याने गोळी पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि फिरणं बंद पाडते.

त्याच्या स्पर्धेचे नियम आमच्यापेक्षा वेगळे. तिथल्या प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या स्पर्धेत हत्याराइतकंच काडतूस तपासतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला किती फूट तो, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. येणाऱ्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. मायनर गटासाठी तो किमान १२५ हवा, मेजरसाठी १६५. गोळी १५८ ग्रेनची आणि वेग ८०० असेल तर १२६.४, पास. तीच गोळी ७९० वेगाने गेली तर १२४.८, म्हणजे खेळा खुशाल, गुण मिळणार नाहीत. दहा फुटांचा फरक, आणि तो थंडीतल्या सकाळीही पडू शकतो, कारण काही दारू थंडीत मंद जळते. म्हणून माझा मित्र काठावर भरत नाही. थोडं वर राहतो आणि दर खेपेला कोणती दारू, किती माप, कोणत्या लॉटची टोपी, हवा कशी होती, वेग किती भरला, ते सगळं वहीत उतरवतो. ती वही मी वाचत बसलो. आमच्या टूलरूमच्या तपासणी-वहीत आणि तिच्यात मला फरक दिसला नाही.

परत आल्यावर रिव्हॉल्व्हरवाल्या मुलांकडे माझं लक्ष जास्त जाऊ लागलं. सिलिंडर अडकला की ती आधी काडतुसाला दोष देतात. मी त्यांना सिलिंडर बाहेर काढून पुंगळ्या ढकलणारी चांदणी वर उचलायला सांगतो. तिच्या खाली, पोलादाच्या बैठकीवर, न जळलेल्या दारूचा एखादा कण सापडतो. तिळापेक्षाही लहान. पण त्याच्यामुळे चांदणी पूर्ण बसत नाही, पुंगळ्यांची बुडं मागे सरकतात आणि सिलिंडर घासू लागतो. जुना टूथब्रश घेऊन चांदणीच्या खाली आणि बैठकीवर दोन फटकारे मारले की सिलिंडर पुन्हा मोकळा. पुंगळ्या काढताना नळी वरच्या अंगाला ठेवून एकदाच ठाम ढकललं तर कण खाली पडतात, चांदणीखाली जात नाहीत. अर्थात रेंजवर नळीची दिशा कायम टार्गेटकडेच. ही सवय मी मुलांना काडतुसांशिवाय घटवून घेतो.

कोरडा आवाज झाला, गोळी गेली नाही, तर नियम काय म्हणतो हेही मुलांना ठाऊक हवं. हत्यार टार्गेटकडेच धरून दुसरा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत काही उघडायचं नाही. अधिकारी काडतूस बाहेर काढून बूड पाहतो. टोपीवर पिनचा खोल ठसा असेल आणि तरी ती पेटली नसेल, तर दोष काडतुसाचा आणि अडथळा मान्य. घर रिकामंच निघालं, भरायचं राहिलं, तर दोष नेमबाजाचा आणि ती गोळी गेली. एका छोट्याशा ठशावर दहा गुणांचा निवाडा होतो. म्हणून घाईने सिलिंडर उघडणारा मुलगा स्वतःचाच पुरावा सांडतो, असं मी त्यांना सांगतो.

ह्या दोन्ही कामांत, टेबलावरच्या तपासणीत आणि गॅरेजमधल्या प्रेसवर, मला एकच गोष्ट दिसते. माणसाचा हात दर वेळी सारखा नसतो. श्वास, भीती, झोप, घाम सगळं बदलतं. नेमबाज वर्षानुवर्षं झटतो ते आपला हात सारखा व्हावा म्हणून. त्याची मेहनत गुणांत दिसायची असेल, तर बाकी सगळं सारखं हवं: ट्रिगर, नळी, दारू, गेज. काडतूस आज एक, उद्या दुसरं वागलं, तर नऊचा शॉट हाताचा की दारूचा हे त्याला कळत नाही, आणि कळलं नाही तर सुधारता येत नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं, की आपल्या मोठ्या रेंजवर परवान्याखाली चालणारी, देखरेखीतली एक काडतूस-भरणी खोली असावी. कायदा मनाई करतो ती विनापरवाना कामाला. परवान्याचा मार्ग त्याच कलमात आहे. दारूचा साठा बंदिस्त, प्रत्येक पुंगळीची नोंद, प्रशिक्षित माणूस समोर, आणि भरलेलं काडतूस रेंजच्या बाहेर न जाऊ देण्याची शिस्त. हे सगळं जमण्यासारखं आहे. सेंटर फायर खेळणाऱ्या मुलांना आयात काडतुसांचा खर्च सोसत नाही. मग ती हवाई पिस्तुलाकडे किंवा .२२कडे वळतात आणि ज्या प्रकारात महाराष्ट्राने राष्ट्रकुल सुवर्ण आणलं तो प्रकार ओस पडत जातो. पुंगळ्या रेंजवर पोत्यांनी पडून असतात. त्या पुन्हा कामाला लागल्या तर सरावाच्या गोळ्या वाढतील, आणि सरावाच्या गोळ्या वाढल्याशिवाय कोणाचाही हात स्थिर झालेला मी पाहिलेला नाही.

खोली मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत प्रत्येक क्लबने एक गोष्ट आजच करावी: पडताळलेलं हजार ग्रॅमचं वजन आणि तपासणीचा डबा रोजच्या सरावाच्या जागी ठेवावा, स्पर्धेपुरता कपाटात नाही. मुलाने आठवड्यातून एकदा तरी स्वतः वजन उचलून पाहावं, मूठ डब्यात घालून पाहावी, लॉट नंबर वहीत लिहावा. टेबलावर पहिल्यांदा येणारं पोर मग घाबरलेलं नसेल. आपलं हत्यार किती वजन उचलतं हे त्याला आमच्याआधी माहीत असेल आणि ते निश्चिंतपणे फायरिंग लाइनवर जाईल.